मंडलिकांच्या ‘व्यवहारमयूखा’चे पुनर्मुद्रण: ग्रंथ घ्यावा, परिचय वगळावा

रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ‘व्यवहारमयूख’ (वारसा, वाटणी अशा बाबींवरचा नीलकंठ भट्टांचा संस्कृत धर्मशास्त्रग्रंथ) आणि ‘याज्ञवल्क्य स्मृती’ यांची मूळ संहिता व इंग्रजी अनुवाद एकत्र देणाऱ्या ग्रंथाची, मागणीनुसार छापून मिळणारी प्रत दापोलीत घरपोच मागवली. बांधणी शिवणीची आहे आणि ऐन पावसाळ्यातही पुठ्ठा फुगलेला नाही, ही कोकणात लहान गोष्ट नव्हे. इंग्रजी मजकूर स्वच्छ उतरला आहे. संस्कृत भागात मात्र अनुस्वार आणि रफार जागोजागी उडाले आहेत. बहिणीला वारसांत वरचे स्थान देणाऱ्या नीलकंठ भट्टांचे शब्द असे अंदाजाने लावत बसणे खटकते.

त्याहून मोठी तक्रार विक्रेत्याने आरंभी जोडलेल्या चार पानी परिचयाबद्दल आहे. त्यात मंडलिकांना सरसकट ‘समाजसुधारक’ ठरवले आहे. दापोलीजवळच्या मुरूडला 1833 मध्ये जन्मलेले, सरकारी नोकरी सोडून मुंबईत वकिलीत शिरलेले आणि 1864 मध्ये ‘नेटिव्ह ओपिनियन’ सुरू करणारे हे गृहस्थ राजकीय हक्कांबाबत आग्रही होते. पण विवाहासारख्या विषयांत सरकारने कायद्याने हात घालावा हे त्यांना मान्य नव्हते, आणि बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध सुधारक बेहरामजी मलबारींनी मांडलेल्या सूचनांना त्यांनी विरोधच केला. (पुढे पुनर्विवाह केला म्हणून धोंडो केशव कर्व्यांना वाळीत टाकणारे गावही हेच मुरूड.) 1874 मध्ये मुंबईच्या आणि 1884 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर नेमणूक झालेला, त्याच सुमारास सरकारी वकील झालेला हा माणूस धर्मशास्त्र आणि रूढी यांचा आधार घेऊनच बोलत असे. तो आधार याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आणि परिशिष्टांत सापडतो, त्यामुळे त्यांचे राजकारण समजून घ्यायचे तर भाषणांआधी ही पाने वाचावीत.

जुन्या हिंदू कायद्यात मयूखाचे प्रामाण्य मुख्यतः गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात होते. आपल्या रत्नागिरीकडे मिताक्षरेचा, म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या जुन्या टीकेचा, मान मोठा होता. हा भेद परिचयात एका ओळीतही आलेला नाही, आणि जुन्या वाटण्यांचे कागद घेऊन बसणाऱ्याला तो पहिल्यांदा लागतो.

इंग्रजी अनुवाद आणि परिशिष्टे हवी असतील तर ही प्रत जरूर घ्यावी. मूळ संहितेवर काम करणाऱ्याने मात्र ग्रंथालयातली जुनी प्रतच गाठावी.