कन्या प्रशालेने अनुदान घ्यावे का? विनाअनुदानित आणि अनुदानित व्यवस्थेची तुलना

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी मुलींची माध्यमिक शाळा विनाअनुदान तत्त्वावर चालवणाऱ्या संस्थेपुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच की, टप्पा अनुदान, म्हणजे शिक्षकांच्या वेतनाचा टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा शासकीय हिस्सा, घेऊन शासनाच्या वेतनव्यवस्थेत जावे की शुल्कावर शाळा चालवत स्वतंत्र राहावे. त्याआधी शाळेची मान्यता कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे लागते. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली परवानगी घेतलेल्या शाळेला अनुदान मागता येत नाही आणि तिच्यापुरता विषय तेथेच संपतो. इंग्रजी माध्यम वगळता इतर ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या मान्यतेतील ‘कायम’ हा शब्द मात्र 2009 मध्ये वगळण्यात आला, आणि मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळांना 2016 पासून 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान मिळू लागले.

शुल्काच्या बाबतीत कन्या शाळेची स्थिती इतर शाळांपेक्षा वेगळी आहे. घरात शिकणारी दोन मुले असली आणि सोयाबीनचा भाव पडला, तर मुलाचे इंग्रजी शाळेचे शुल्क कसेबसे भरले जाते व मुलीचे थकते. शाळा केवळ मुलींची असल्याने तिला ही थकबाकी दुसऱ्या कोणाकडून भरून काढता येत नाही. त्यामुळे विनाअनुदानित राहण्याचे स्वातंत्र्य कागदावर जितके मोठे दिसते तितके ते प्रत्यक्षात उरत नाही.

खरा फरक शिक्षकांच्या बाबतीत पडतो. विनाअनुदानित शाळेत नेमणूक संस्था करते आणि वेतनही तीच देते, किंवा देऊ शकत नाही. तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे शिकवणारे गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक संधी मिळताच लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शिकवणी वर्गांकडे वळतात. अनुदान आल्यावर मान्य पदांचे वेतन ‘शालार्थ’ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून थेट शिक्षकांच्या खात्यात जमा होते. त्याच्या बदल्यात संस्थेचा नेमणुकीचा अधिकार आक्रसतो, कारण रिक्त पदे पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरती संकेतस्थळावरून, बिंदुनामावलीनुसार (म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमाने) भरावी लागतात आणि नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरचा शिक्षक, असतो, ज्याचे माध्यमिक स्तरावरील मानधन 2023 पासून दरमहा 18,000 रुपये आहे. मुलाखतीसह भरतीचा पर्याय खाजगी संस्थांना असला, तरी उमेदवार पोर्टलने पाठवलेल्यांतूनच निवडावा लागतो. ज्या संस्थांमध्ये नातेवाइकांच्या नेमणुका हाच कारभार झाला आहे, त्यांना हे बंधन जाचक वाटेल. मुलींच्या दृष्टीने ते हिताचे आहे असे माझे मत आहे.

पटसंख्येचा धोका मात्र गांभीर्याने घ्यावा. अनुदानित शाळेतील मान्य पदे संचमान्यतेने, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेने, ठरतात, आधार-प्रमाणित विद्यार्थिनीच त्यात धरल्या जातात आणि 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष अधिक कठोर केले आहेत. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरून त्याचे अन्यत्र समायोजन होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांमधून येणाऱ्या मुली सप्टेंबरअखेर पटावर असतात, परंतु गळीत हंगाम सुरू झाला की आई-वडिलांबरोबर निघून जातात आणि त्यांतील काहींचे लग्नच होते. अशा भागातील शाळेने वसतिगृहाची किंवा गावातच नातेवाइकांकडे राहण्याची सोय आधी पाहावी. अन्यथा आज मिळालेली पदे पुढे टिकणार नाहीत.

शाळा पाचवीपासून असेल तर आठवीपर्यंतच्या मुलींना पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तके मिळतात, हा अनुदानाचा उघड लाभ आहे. इमारत, शौचालये आणि प्रयोगशाळा यांचा भार बहुतांशी संस्थेवरच राहतो, कारण वेतनाव्यतिरिक्तच्या खर्चासाठीचे वेतनेतर अनुदान अपुरे असते.

ज्या शाळेचा पट स्थिर आहे आणि जिचे पालक प्रामुख्याने शेतकरी व मजूर आहेत, तिने अनुदान घ्यावे, असे मी सुचवेन. जिल्ह्याच्या ठिकाणी शुल्क नियमित येत असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. मात्र टप्पा म्हणजे पूर्ण वेतन नव्हे. 20 किंवा 40 टक्क्यांवर असताना उरलेला वाटा संस्थेलाच उचलावा लागतो आणि पुढचा टप्पा कधी मिळेल हे शासन निर्णयावर अवलंबून असते, म्हणून त्या काळासाठीची तरतूद आधी करावी. प्रस्तावापूर्वी प्रत्येक शिक्षकाची वैयक्तिक मान्यता (त्याच्या नेमणुकीला शिक्षण विभागाची मंजुरी) आणि बिंदुनामावलीची तपासणी पूर्ण करून घ्यावी, कारण मान्यता नसलेल्या शिक्षकाचे वेतन शाळा पात्र ठरूनही निघत नाही.