गोरेवाड्याच्या थंडीसाठी ८ बाय ४२ दुर्बीण
सीताबर्डीतून घेतलेली ही दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमी रुंद) हिवाळाभर नागपूरच्या गोरेवाडा तलावावर पक्षी बघायला वापरतेय. १० बाय ५० च्या मोहात पडू नका, ती जड असते, हात हलतो आणि पक्षी नजरेत ठरतच नाही. हिच्या ४२ मिमी भिंगांतून पहाटेच्या धुरकट उजेडातही तलवार बदकाची टोकदार शेपटी ओळखू येते. आणि चक्रवाक! लडाखच्या तलावांकाठी वीण करून इतक्या लांब आलेली ती केशरी जोडी. मादीचा चेहरा नरापेक्षा पांढुरका असतो, तो फरक काठावरून स्पष्ट दिसला तेव्हा अंगावर काटा आला. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत फिरवून ठेवा. सोबतचा पट्टा अगदीच अरुंद आहे, मानेला रुततो. रुंद कापडी पट्टा वेगळा घ्या.