शिमानो डिओर ११ स्पीड आणि १२ स्पीड : जादा चक्री जाते कुठे?

कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांच्या जुडग्यावर, एक चक्री वाढली की माउंटन बाइक आपोआप सुधारते, हा समज तपासायला शिमानो या जपानी सायकलभाग कंपनीच्या डिओरइतकी सोयीची जोडी नाही. २०२० मध्ये याच नावाने बाजारात आलेल्या ग्रुपसेटपैकी (गिअर बदलणाऱ्या भागांच्या संचांपैकी) दोन इथे घेऊ, १२ स्पीडचा, म्हणजे मागे १२ चक्र्यांचा एम६१०० आणि ११ स्पीडचा एम५१००. दोन्हींच्या मोठ्या कॅसेटची शेवटची चक्री ५१ दात्यांचीच. आता दाते मोजू.

१२ स्पीड : १०-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३३-३९-४५-५१
११ स्पीड : ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३३-३९-४५-५१

१८ पासून ५१ पर्यंतच्या आठही चक्र्या जशाच्या तशा आहेत. चढावर जे गिअर लागतात त्यांत एका दात्याचाही फरक नाही. १२ स्पीडवाल्याने जादा घेतलं ते सगळं लहान चक्र्यांच्या बाजूला : तिथे त्याच्याकडे चार, ११ वाल्याकडे तीन.

त्याचा वेगाशी हिशेब असा. २९ इंची चाक, पुढे ३२ दात्यांची चेनरिंग (पायडलपाशी असलेली चक्री) आणि पायडलचे मिनिटाला ९० फेरे धरले, तर १० दात्यांवर ताशी सुमारे ४० किलोमीटर मिळतात, ११ दात्यांवर ३६. खालच्या टोकाला, ५१ वर मिनिटाला ६० फेऱ्यांनी दोन्ही सायकली ताशी सव्वापाचनेच चढणार. दगडधोंड्यांच्या वाटेवर ३६ च्या वर वेग गेला की बहुतेकांचे पाय पायडलवर स्थिर असतात आणि बोटं ब्रेकवर. तरीही वरचा वेग हवाच असेल तर ३४ ची चेनरिंग बसवा, फ्रेममध्ये तेवढी जागा आहे ना ते आधी बघून. वेग ३८ च्या पुढे जातो, पण सगळ्यात हलका गिअर सहा टक्क्यांनी जड होतो. चढ तीव्र असतील तर हा सौदा करू नये.

राहिला प्रश्न दोन चक्र्यांमधल्या उडीचा. ११ स्पीडमध्ये खटकणारी जागा एकच, १५ वरून १८. ही उडी २० टक्क्यांची आहे आणि लांब सपाटीवर घोळक्यात एकाच वेगाने जाताना मधला १६ नाही हे पायांना कळतं. क्रॉसकंट्री शर्यत धावणाऱ्याने १२ घ्यावा तो यासाठी. (गंमत म्हणजे १२ स्पीडमध्येही १० ते १२ ही उडी २० टक्क्यांचीच आहे.) ट्रेलवर मात्र चढ अचानक अंगावर येतो आणि चालवणारा एका दमात दोन-तीन गिअर उतरवतो. तिथे बारीक पायऱ्यांचं कौतुक कुणाला?

१३ स्पीड बनवणं कंपन्यांना अशक्य नाही. कॅम्पान्योलोचा १३ स्पीड एकार २०२० मध्ये आला, स्रॅमचा १३ स्पीड एक्सपीएलआर २०२४ मध्ये, पण दोन्ही ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यांवरच्या) सायकलींसाठी, म्हणजे जिथे तासन् तास एका लयीत पायडल मारायचे असतात तिथे. माउंटन बाइकसाठी २०२५ मध्ये एक्सटीआर हा आपला सर्वांत वरचा ग्रुपसेट नव्याने काढताना शिमानो १२ वरच थांबली.

१२ स्पीडची खरी जमेची बाजू आकड्यात नाही, हायपरग्लाइड प्लस या दात्यांच्या घडणीत आहे. चढावर पूर्ण जोर लावलेला असतानाही चेन मुकाट्याने पुढच्या चक्रीवर जाते. एम५१०० वर गिअर टाकताना अर्धा फेरा जोर कमी करावा लागतो. नाही केला तर ३९ वरून ४५ वर जाताना ‘कडाक्’ असा आवाज येतो आणि दात्यांची झीज वाढते. ज्यांना ही सवय लागत नाही त्यांनी १२ स्पीडच घ्यावा.

त्याची किंमत मोजावी लागते ती जुळवणीत. चक्र्या जवळजवळ आल्या की डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेला) चुकायला जागा उरत नाही. दगडाला घासून हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा कान) किंचित वाकला तर ९ स्पीड कुरकुरत का होईना चालून जातो, १२ स्पीड मात्र मधल्या गिअरमध्ये उड्या मारतो आणि केबल कितीही ताणली तरी सुधारत नाही. म्हणून आधी गेजने हँगर सरळ करा, मगच केबलला हात लावा. त्यानंतर बी-स्क्रू, म्हणजे डिरेलर आणि चक्र्यांमधलं अंतर ठरवणारा स्क्रू. एम६१०० मध्ये चेन ५१ वर चढवून मागून पाहायचं : डिरेलरच्या पिंजऱ्यावरच्या रेघेशी मोठ्या चक्रीच्या दात्यांची टोकं जुळली पाहिजेत. मागे सस्पेन्शन असेल तर चालवणाऱ्याला बसवून, सॅग आल्यावर, म्हणजे वजनाने सस्पेन्शन दबल्यावर, हे मोजा. डिरेलरची वरची पुली (लहान चाक) चक्रीच्या फार जवळ राहिली तर ५१ वर घरघर, फार लांब गेली तर सगळेच गिअर आळसटलेले.

जुनी सायकल सुधारायची असेल तर निकाल आणखी सोपा आहे. एम६१०० च्या कॅसेटला मायक्रोस्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब (चाकाचा, कॅसेट बसवायचा भाग) लागतो. एम५१०० ची कॅसेट नेहमीच्या एचजी फ्रीहबवर बसते, त्यामुळे पुढे एकच चेनरिंग असेल तर ९ किंवा १० स्पीडचं चाक तसंच ठेवून शिफ्टर, डिरेलर, चेन आणि कॅसेट एवढंच बदललं की झालं. लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी चकती) ४० न्यूटन मीटरला आवळा. एम५१०० ची कॅसेट ११-४२ मध्येही मिळते, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. दोन्हींमध्ये चेन ०.५ टक्का ताणली की बदलावी. पाऊण टक्क्यापर्यंत ओढली तर नवी चेन जुन्या चक्र्यांवरून घसरते.

ई-बाइकवाल्यांनी मात्र या दोन्हींच्या पलीकडे, शिमानोच्याच ९ ते ११ स्पीडच्या क्यूज मालिकेकडे पाहावं. मोटरचा जोर सोसायला त्यातल्या लिंकग्लाइड कॅसेटचे दाते जाड ठेवलेत आणि कंपनी तिप्पट टिकण्याचा दावा करते. फक्त क्यूजचा शिफ्टर आणि डिओरचा डिरेलर अशी सरमिसळ करू नका. दोघांची केबल ओढण्याची मापं वेगळी आहेत, गिअर कधीच जागेवर बसणार नाहीत.