नाशिकच्या शरणपूर रोडचे फ्रेमवाले: काम पक्कं, पण माउंट कापताना समोर उभे राहा

चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते सांगतो. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण काका भले आहेत आणि चूक त्यांनी सुधारली.

आमची थोरली बॉस्टनला असते. तिथल्या विधानभवनासमोर मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीचं कांस्यशिल्प आहे, 1897 सालचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेली ही कृष्णवर्णीय जवानांची पलटण. थोरलीनं त्या शिल्पाचा मोठा फोटो आणला. घोड्यावर पलटणीचा प्रमुख कर्नल शॉ, गोरा, जेमतेम पंचविशीतला. भोवती खांद्यावर बंदुका घेतलेले जवान, कुणी दाढीवाला, कुणी अगदी कोवळा. शिल्पकारानं खरी माणसं समोर बसवून चेहरे घडवले म्हणे. सगळ्यात पुढे ढोलवाला पोर. मी तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त, देवळालीत राहतो. पाऊल कसं पडतं ते मला कळतं. ही माणसं खरंच चाललीयत.

सागवानी पट्टी, पांढरा माउंट म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, चकाकी न मारणारी काच. 1850 रुपये ठरले. शनिवारचा वायदा, मिळाली बुधवारी. तेही ठीक.

फ्रेम हातात घेतली आणि बघतच राहिलो. घोडा बरोबर मधोमध, ढोलवाला पोर गायब, मागचे दोन जवान निम्मे माउंटखाली. "साहेब मधे यायला पाहिजेत ना," काका म्हणाले.

त्या स्मारकाचीही आधी हीच गत होती. त्यावर मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती, जवानांची कोरली गेली ती 1980 नंतर. पगारातही तेच. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर, यांना 10, त्यातून कपड्यांचे 3 वजा. पलटणीनं ते 7 घ्यायचेच नाकारले आणि वर्षभर बिनपगारी लढली. 1864 मध्ये सरकार नमलं. घरी मनीऑर्डरची वाट बघणारे असताना हे करणं काय असतं, ते फौजीला विचारा.

मी स्टुलावर बसलो आणि काकांना सांगितलं. 18 जुलै 1863 ला वॅग्नर किल्ल्यावरच्या हल्ल्यात हा शॉ साहेब पडला. शत्रूनं हिणवायला म्हणून त्याला त्याच्याच जवानांबरोबर एका खड्ड्यात पुरलं. शॉच्या बापानं कळवलं, तिथून हलवू नका. "आणि तुम्ही त्याला वेगळा काढलात." काका हसले नाहीत. फ्रेम पालथी घातली, मागचे खिळे उपसायला लागले.

जाता जाता, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी पोरांना मिशनऱ्यांनी 1860 च्या सुमारास याच शरणपुरात ठेवून शिकवलं होतं. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनचं शव तिथल्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत इथं शिकलेली पोरं होती. काकांचं दुकान इतकी वर्षं तिथं, त्यांनाही हे नवीनच.

नवा माउंट फुकट, लांब पट्टीचे 200 जास्त घेतले. कोपरे असे जुळवलेत की नख जात नाही. गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा. आणि माप घरून घेऊन जा. माझी फ्रेम चार इंच वाढली, म्हणून बैठकीतला माझाच निवृत्तीचा फोटो काढून आत पलंगावर लावावा लागला.