फिटिंग शोरूमचंच, पण वॉरंटी नाकारली 'बाहेरचं फिटिंग' म्हणून

ठाणे-नवी मुंबईत नवीन गाडी बुक केलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, आणि दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी ठरलेल्यांसाठी तर जास्तच. शोरूमवाले गाडीबरोबर जे 'ॲक्सेसरीज किट' गळ्यात मारतात, त्यातल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंमुळे गाडीची वॉरंटी हातची जाऊ शकते. माझ्या गाडीची नाकारली गेली, आणि ते फिटिंग शोरूमच्याच आवारात, शोरूमच्याच सांगण्यावरून झालेलं होतं.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या शोरूममधून गाडी घेतली. मधलं व्हेरियंट होतं. त्यात फॉग लॅम्प नव्हते, स्क्रीन नव्हती, मागचा कॅमेराही नव्हता. वरचं व्हेरियंट लाखभराने महाग. सेल्सवाला म्हणाला, "मॅडम, तेवढे पैसे कशाला घालता? इथेच बसवून देतो, टॉप मॉडेलच वाटेल. सगळं कंपनीचंच." मला हवा होता फक्त कॅमेरा आणि त्यासाठी स्क्रीन. पण सुटं काही मिळणार नाही, म्हणाले. सीट कव्हर, मॅट, अंडरबॉडी कोटिंग, फॉग लॅम्प, सगळं मिळून एकच किट. किट नको असेल तर पाडव्याची डिलिव्हरी विसरा.

ही सक्तीच मुळात कायद्यात बसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल' ही अट प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा ठरते, आणि तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करता येते. हे शोरूमवाल्यांनाही पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ही अट ते कधी कागदावर आणत नाहीत, तोंडी सांगतात.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्रास सुरू झाला. सकाळी बघावं तर बॅटरी उतरलेली. शेजारच्या दादांच्या गाडीवरून जंप स्टार्ट करायचं आणि ऑफिस गाठायचं. मग डाव्या बाजूची काच खाली-वर होईना, इंडिकेटर आपोआप लुकलुकायला लागले. एका संध्याकाळी महापेहून परतताना रबाळ्याच्या पुढे, ठाणे-बेलापूर रोडवर, गाडीचे सगळे दिवे एकदम गेले. मागे ट्रेलर, वरून धो धो पाऊस. गाडी कडेला घेता आली, एवढंच नशीब.

टो करून वागळे इस्टेटमधल्या त्यांच्याच वर्कशॉपला नेली. दुसऱ्या दिवशी ॲडव्हायझरचा फोन आला: बीसीएम गेलाय. दिवे, काचा, वायपर, सेंट्रल लॉक या सगळ्यांना हुकूम सोडणारा हा कंट्रोल बॉक्स. एस्टिमेट ४२ हजार. वॉरंटीत आहे ना, असं विचारल्यावर आधी उत्तर आलं, "पाण्यात घातली असेल मॅडम, विटाव्याच्या पुलाखालून जाता ना?" विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं हे ठाण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिथे पाणी असलं की मी ऐरोलीवरून वळसा घालते. गालिचा उचलून दाखवा म्हटलं. खाली कोरडं ठणठणीत. तेव्हा त्यांनी कारण बदललं: "वायरिंग कापून बाहेरचं फिटिंग केलंय. कंपनी क्लेम घेणार नाही."

बाहेरचं म्हणजे कुणाचं? तर म्हणाले, "ॲक्सेसरीजवाले वेगळे असतात, आमचा त्यांच्याशी संबंध नाही."

घरी येऊन फाइल काढली. गाडीचं बिल शोरूमच्या नावाचं. किटचं बिल मात्र तिसऱ्याच कुठल्यातरी फर्मचं, जीएसटी नंबर वेगळा. वर छापलेला पत्ता शोरूमचाच, फक्त 'तळमजला, मागील बाजू' एवढी भर. वस्तूंची यादी तर नव्हतीच. एका ओळीत 'कार ॲक्सेसरीज, १ सेट' आणि पुढे रक्कम. पैसे मी दिले शोरूमच्या कॅश काउंटरवर, पावती दिली शोरूमच्या मुलीने, गाडी सजवली शोरूमच्या शेडमध्ये. तरी कागदोपत्री शोरूम नामानिराळं. हा घोळ चुकून झालेला नाही. वेळ आली की हात झटकता यावेत म्हणून बिल आधीपासूनच वेगळं फाडलेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एस्टिमेटला होकार न देता गाडी टो करून तुर्भ्याला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. काकांना सांगितलं, काही सोडवू नका, जोडू नका, फक्त बघा आणि मला दाखवा. त्यांनी ड्रायव्हरच्या पायापाशी असलेलं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि टॉर्च मारला. कंपनीच्या वायरींच्या जाड जुडग्यातली एक वायर मधेच सोलली होती. तांब्याच्या उघड्या तारांभोवती दुसरी वायर नुसती पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पावसाळ्याच्या दमटपणाने पट्टीचा गोंद सुटला होता आणि तांब्यावर हिरवट थर चढला होता. फॉग लॅम्पसाठी वेगळा फ्यूज नाही, रिले (जास्तीचा भार स्वतःवर घेणारा स्विच) नाही. काकांनी समजावलं ते असं: आजकालच्या गाड्यांत दिव्यांचा करंट बीसीएममधूनच जातो, आणि तो बेतशीर असतो. फॉग लॅम्पचा जास्तीचा भार रिलेशिवाय थेट त्याच वायरवर टाकला की आज ना उद्या बीसीएम जळणारच. स्क्रीनची वायरही चावी बंद केल्यावर वीज तोडणाऱ्या लाइनवर न घेता थेट बॅटरीच्या लाइनवर घेतली होती. बॅटरी रात्रीत का उतरायची, ते तिथे कळलं.

"कपलरवालं किट येतं ताई, नुसतं सॉकेटमध्ये खोचायचं," काका म्हणाले. "वायर कापायची गरजच नाही. दहा मिनिटं जास्त लागतात आणि किट थोडं महाग पडतं, म्हणून हे असं करतात."

प्रत्येक जोडाचे फोटो काढले आणि गाडी परत वर्कशॉपला नेली. क्लेम का नाकारला ते जॉब कार्डवर लिहून द्या म्हटलं. "तशी पद्धत नाही" हे ठरलेलं उत्तर आलं. मग चासी नंबर, दोन्ही बिलं, फोटो आणि पैसे भरल्याची पावती जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला, प्रत शोरूमच्या मॅनेजरला. ईमेलमध्ये एकच प्रश्न ठळक विचारला: तुमच्या अधिकृत विक्रेत्याच्या आवारात, त्याच्या काउंटरवर पैसे घेऊन बसवलेली वस्तू 'बाहेरची' कशी? त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. तोवर माझा फोन न उचलणारा मॅनेजर दोन दिवसांनी स्वतःहून बोलला. कंपनीचा इंजिनीअर गाडी बघून गेला. शेवटी बीसीएम आणि वायरिंगची दुरुस्ती विनाशुल्क झाली, पण 'सद्भावना म्हणून'. माझी पुढे काही तक्रार नाही असं लिहून मागत होते, ते मी दिलं नाही. किटचे पैसे आणि टोइंगचा खर्च त्यांनी अजून दिलेला नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि वकील लागतोच असं नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, ती विसरू नका.

याच वर्कशॉपमध्ये दर सर्व्हिसला ऐकवतात, "बाहेर एक स्क्रू जरी फिरवलात तरी वॉरंटी गेली." ही धमकी जशीच्या तशी खरी मानू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, तो वाद पुढे चालला. पण बाहेरच्या कामामुळे नेमका कोणता बिघाड झाला, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग वगैरे दर वेळी एस्टिमेटमध्ये घुसडतात, ते आधी गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतल्या मेंटेनन्स शेड्युलशी ताडून बघा. त्यात नसेल आणि गाडी नीट चालत असेल, तर जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी खोडायला लावा. बदललेले जुने पार्ट परत मागा.

ज्यांची डिलिव्हरी व्हायची आहे, त्यांनी शोरूमला आजच ईमेल करा. किटमधल्या कोणत्या वस्तूला कंपनीचा पार्ट नंबर आहे, बिल कुणाच्या जीएसटी नंबरवर निघणार, फिटिंग कपलरने होणार की वायर कापून, आणि त्याने वॉरंटीला बाधा येणार नाही हे शोरूम लेखी देणार का, एवढं विचारा. तोंडी उत्तर देतील, ते धरू नका. लेखी येईपर्यंत किटचे पैसे रोखून ठेवा. ज्यांच्या गाडीत किट आधीच बसलंय आणि वॉरंटी अजून शिल्लक आहे, त्यांनी पावसाळ्याआधी ड्रायव्हरच्या पायापाशी असलेलं ते कव्हर काढून आत काळी चिकटपट्टी दिसते का, हे एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, फोटो काढा आणि बिघाड व्हायच्या आत शोरूमला लेखी कळवा.