पाच महिन्यांनंतर: माळ्यावरच्या खारी आणि एकतर्फी दार

थंडी सुरू होताना घेतलेल्या या दाराला आता पाच महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक मूर्खपणा कबूल करतो. सुरुवातीला मी सॉकेटला लावायचं अल्ट्रासोनिक यंत्र आणलं होतं. दोन दिवस माळा शांत. तिसऱ्या दिवशी वर डोकावलो, तर बाईसाहेब यंत्रापासून हातभर अंतरावर बसून काहीतरी कुरतडत होत्या. तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही, खोक्यांआड अडतो आणि खारीला त्याची सवयही होते. पैसे पाण्यात. डांबरगोळ्यांच्या वाटेला मात्र गेलो नाही. त्यांची वाफ आपल्यालाच बाधते.

आता दाराबद्दल. जाळीचा छोटा बोगदा आणि टोकाला स्प्रिंगची झडप, बस. आतून ढकललं की उघडते, बाहेरून उघडत नाही. पिंजरा नाही, विष नाही. बसवायला एक दुपार लागली, तीही शिडी हलवण्यातच गेली.

पण नुसतं दार लावून भागत नाही, हे मला महागात पडून कळलं. पहिल्यांदा लावलं आणि खार बाहेर पडलीही. दोन दिवसांत तिने शेजारची लाकडी पट्टी कुरतडून नवं भोक पाडलं! तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडणं तिला सुटत नाही. त्या भोकात मी फोम भरला, तर तिने भाकरीच्या गरासारखा उकरून खाली टाकला. शेवटी वळचणीच्या सगळ्या फटींवर १२ मिलिमीटर घरांची गॅल्व्हनाइज्ड जाळी, भोकाच्या चारही बाजूंना वीतभर जास्त, वॉशर लावून स्क्रूने आवळली. चार सेंटिमीटरची फटही तिला पुरते, तेव्हा "एवढीशीच तर आहे" म्हणून सोडू नका. उघडी ठेवली ती फक्त एक वाट, दाराची.

चौथ्या दिवशी सकाळी झडपेचा 'टक्' ऐकू आला. मग तासभर ती बाहेरून झडपेला दात लावत बसली होती, शेपटी नुसती झटकत. आत कोणी उरलंय का, ते बघायला बोगद्याच्या आतल्या तोंडाशी वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबला. तीन दिवस तो हलला नाही, तेव्हा दार काढून भोक बंद केलं. माळ्यावर गेलो तर एका वायरीचं आवरण तांब्यापर्यंत सोललेलं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी दुरुस्त करून घेतलं.

पिल्लांबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही, ही माझी मोठी तक्रार. करड्या खारी वर्षातून दोनदा वितात, त्यातली एक वेळ हिवाळा सरताना येते. शेजाऱ्यांनी माझंच दार नेऊन नेमकं तेव्हा लावलं. आई बाहेर अडकली, पिल्लं आत. तिने छपराची कड ओरबाडून काढली, आतून बारीक चिर्र-चिर्र चालूच. संध्याकाळी दार काढावं लागलं, आणि पिल्लं स्वतः बाहेर फिरू लागेपर्यंत, म्हणजे दहाएक आठवडे, थांबावं लागणार होतं. ते अजून थांबलेत. म्हणून दार थंडीच्या सुरुवातीलाच लावा, नाहीतर पिल्लं नाहीत याची खात्री करून. आणि आवाज रात्रीचा असेल तर हे विकत घेण्याआधी थांबा. खार दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळायच्या आत हुंदडते. रात्रीची खडबड बहुधा उंदरांची असते.

बांधणी ठीक आहे, स्प्रिंग नाही. तिसऱ्या महिन्यातच गंजली, आणि गोठवणाऱ्या थंडीत झडप ओल धरून चिकटते, रोज सकाळी बोटाने हलवून बघावी लागायची. जवळची फांदी छपरापासून अडीच मीटर मागे छाटल्यावर वर येणंच कमी झालं. त्याचं श्रेय दाराला देणार नाही. पाचपैकी साडेतीन. नवी स्प्रिंग मागवायला लिहिलंय, सहा आठवडे झाले, उत्तर नाही.