टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल घ्यावं का? जुनी अ‍ॅडव्हेंचर्स, नवे रूल्स

ज्यांनी डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) जुन्या मॉड्यूल्सबद्दल, म्हणजे छापील तयार मोहिमांबद्दल, नुसतं ऐकलंय त्यांच्यासाठी हे पुस्तक मोठी सोय आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं नुसतं तोंडसुख वाटेल. विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१७ मध्ये काढलेलं, अडीचशेच्या आसपास पानं, हार्डकव्हर, आणि आत सात जुनी अ‍ॅडव्हेंचर्स फिफ्थ एडिशनमध्ये (खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या रूल्समध्ये) बदलून दिलेली. टूम ऑफ हॉरर्स (१९७८), व्हाइट प्लूम माउंटन (१९७९), अगेन्स्ट द जायंट्स, हिडन श्राइन ऑफ तामोआचान, थर्ड एडिशनच्या काळातली सनलेस सिटाडेल आणि फोर्ज ऑफ फ्युरी, आणि २०१४ चं डेड इन थे. यॉनिंग पोर्टल हा वॉटरडीप या खेळातल्या शहरातला दारूचा गुत्ता, ज्याच्या मधोमध थेट अंडरमाउंटन या भुयारी चक्रव्यूहात उतरणारी विहीर आहे. पण ते फक्त नावापुरतं हां, सातही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

आता मुद्दा. या पुस्तकात आकडे बदललेत, खेळ बदललेला नाही, आणि कुठे बदलायला हवा होता तेही सांगितलेलं नाही.

अगेन्स्ट द जायंट्स घ्या. पहिल्याच भागात हिल जायंट्सचा लाकडी वाडा, आत सरदार नोस्न्राची मेजवानी चाललेली, हॉल जायंट्सनी खचाखच भरलेला. फर्स्ट एडिशनमध्ये हिल जायंटला सरासरी ३७-३८ हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) असायचे आणि फायरबॉल या आगीच्या मंत्राला लेव्हलमागे एक डी६ (सहा बाजूंचा फासा), वर लिमिट नाही. म्हणजे अकराव्या लेव्हलचा मॅजिक-युझर (जादूगार) दारातून एक फायरबॉल टाकायचा आणि सरासरी ३८ डॅमेज, ज्यांचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकला त्यातले अर्धेअधिक तिथेच आडवे. फिफ्थमध्ये तोच हिल जायंट १०५ हिट पॉइंटचा आणि तिसऱ्या लेव्हलच्या मंत्राइतका साधा फायरबॉल ८डी६, सरासरी २८. आणि जायंट्स मात्र डझनावारी तसेच ठेवलेत! पार्टीने (प्लेयर्सच्या पात्रांच्या टोळीने) हॉलमध्ये उडी मारली की पूर्ण सेशन एकाच मारामारीत संपतं, आणि तेही कंटाळवाण्या, कारण हिल जायंटकडे सोटा मारणे आणि दगड फेकणे याशिवाय काहीच नाही.

पण जुन्यात हे चालून जायचं त्याचं खरं कारण म्हणजे तेव्हाच्या लोकांना एवढं मारावंच लागायचं नाही. तेव्हा एक गोल्ड पीस बाहेर आणला की एक एक्सपी (लेव्हल चढायला लागणारा अनुभवाचा पॉइंट) मिळायचा, म्हणजे लेव्हल चढायची ती मुख्यतः खजिन्यावर, राक्षस मारून चिल्लरच हाती यायची. त्यामुळे शहाणी पार्टी मागच्या दाराने शिरून, नोकरांना फितवून, खजिना घेऊन पसार व्हायची. फिफ्थमध्ये एक्सपी मारण्याचा, मग प्लेयर मारणारच ना, त्यांचा काय दोष. मी आमच्या टेबलवर सरळ सांगितलं की इथे मारामारीला शून्य, बाहेर काढलेल्या मालाला एक्सपी (एकास एक नाही, कमी रेटने, नाहीतर लेव्हल्स धडाधड चढतात), आणि हॉलमधले अर्धे जायंट दारू पाजून झोपवून टाकले. पुस्तकात यावर एक पान लिहिलं असतं तरी चाललं असतं.

टूम ऑफ हॉरर्सचंही तेच पण उलट्या बाजूने. डी अँड डीचा एक जनक गॅरी गायगॅक्सने हे लिहिलं ते आपल्या टेबलवरच्या मुरलेल्या प्लेयर्सची जिरवायला, आणि त्यात कॅरेक्टर शीटपेक्षा तुमचं स्वतःचं डोकं चालायचं. हिरव्या सैतानाच्या उघड्या तोंडात शिरला तो गेला, सेव्ह नाही काही नाही, ते नव्यातही तसंच ठेवलंय आणि बरं केलंय. पण बाकी ठिकाणी "पर्सेप्शन रोल कर" (पात्राला काय दिसलं ते फाशावर ठरव) आलं की मजाच जाते, कारण मूळ खेळ होता "मी काठीने फरशी ठोकून बघतो" असं तोंडाने सांगण्याचा. त्यात मूळ मॉड्यूलबरोबर प्लेयर्सना दाखवायला चित्रांची वेगळी पुस्तिका होती, तीच इथे नाही!! अरे तीच तर अर्धी जान होती. मूळ पीडीएफ ऑनलाइन विकत मिळते, टूम चालवणार असाल तर ती घ्याच.

व्हाइट प्लूम माउंटन मात्र झकास उतरलंय. उकळत्या तळ्याखालच्या बुडबुड्यातला महाकाय खेकडा, जिथे जास्त धसमुसळेपणा केला की बुडबुडाच फुटणार, याला कुठल्याही एडिशनचे रूल्स चालतात. वेव्ह, व्हेल्म आणि ब्लॅकरेझर ही तीन हत्यारं तर आहेतच. तामोआचानही ठीक, विषारी वायूमुळे पार्टी आत तळ ठोकून बसू शकत नाही म्हणून घड्याळाची टिकटिक आपोआप राहते. डेड इन थे म्हणजे खोल्या, खोल्या आणि अजून खोल्या, अनेक ग्रुप्सनी एकदम खेळायला बनवलेलं आहे ते, चार जणांच्या टेबलवर जीव जातो.

आता नवीन गंमत, २०२४ चे रूल्स आले आणि हे पुस्तकच जुनं झालं. फोर्ज ऑफ फ्युरीचा पहिला मजला ऑर्क्सचा, आणि २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्कचा वेगळा स्टॅट ब्लॉकच (आकड्यांचा तक्ता) नाही, टफ किंवा बर्सर्कर यांचे तक्ते वापरून वेळ मारून न्यायची. सनलेस सिटाडेलमध्ये गॉब्लिन आता फे (परीलोकातले जीव) या प्रकारात गेलेत आणि कोबोल्ड ड्रॅगन या प्रकारात, त्यामुळे चार्म पर्सन हा मोहिनीचा मंत्र दोघांवरही चालत नाही कारण तो ह्युमनॉइडवरच (माणसासारख्या जीवांवरच) लागतो. मीपो या तिथल्या कोबोल्डवर तो लागायची गरज तशीही नसते, त्याच्या हरवलेल्या ड्रॅगनबद्दल दोन गोड शब्द बोला, पोरगं गळ्यात पडतं. शिवाय नव्या रूल्समध्ये क्युअर वूंड्स हा जखमा भरायचा मंत्र २डी८ चा झालाय आणि पोशन बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येतं, म्हणजे पहिल्या लेव्हलची पार्टी आधीसारखी पटापट मरत नाही. मी प्रत्येक खोलीत एखाद-दोन गॉब्लिन वाढवतो, तेवढ्याने भागतं.

तुलनाच करायची तर गुडमन गेम्सची ओरिजिनल अ‍ॅडव्हेंचर्स रीइनकार्नेटेड सिरीज बघा. त्यात जुन्या मॉड्यूलची मूळ पानं स्कॅन करून आणि पुढे फिफ्थचं रूपांतर असं दोन्ही एकाच पुस्तकात मिळतं, त्यामुळे काय बदललं आणि का बदललं ते शेजारी ठेवून बघता येतं. जाडजूड आणि महाग, पण डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) शिकायला ते जास्त बरं. यॉनिंग पोर्टलची छापील किंमत ४९.९५ डॉलर, आणि माझ्या मते सनलेस सिटाडेल, फोर्ज ऑफ फ्युरी आणि व्हाइट प्लूम एवढ्यावरच ती वसूल होते. नवीन डीएम असाल तर सिटाडेलपासून सुरू करा, त्यात जवळजवळ काहीच दुरुस्ती लागत नाही. जायंट्सला हात लावण्याआधी एक्सपीचं काय करायचं ते ग्रुपशी बोलून घ्या, आणि डेड इन थेची पानं बिनधास्त उलटून पुढे जा.